दुपारनंतरचा पेला

दिघोरी, आषाढ पौर्णिमा
१० जुलै २०२५

चिरंजीव सुगत,

वरचा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. धाकट्याला पत्र लिहिताना बाबाही हाच शब्द लिहायचे, आणि त्यांनी त्याचा कधी विचार केला नसेल. मी विचार करून लिहिला आहे. तू जगायला पाहिजेस. आशीर्वाद मात्र लिहीत नाही.

रुचिता परवा येऊन गेली. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. तुझी बायको म्हणून नाही, पण तिचे डोळे सुजलेले पाहून मी तिला बस म्हणालो. ती म्हणाली, "दादा, ते म्हणतात, वहिनीले नागपूरले कोनता डबा लिहून देला होता ते विचारून ये. तोच पाह्यजे म्हणतात."

मी विचारलं, घरात डब्यांची थप्पी आहे ना, त्यातला काहून नाही देत?

ती खाली पाहत म्हणाली, "त्याले हातबी लावत नाहीत ते."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी मी रश्मी गेल्यापासून थांबलो होतो. तुझ्या घरात तुझ्या कंपनीच्या पावडरचे डबे छतापर्यंत लागलेले आहेत. जवाहरनगरच्या त्या समोरच्या खोलीत तू सकाळ-सकाळी लोकांना बसवून तीच पावडर पाजत आलास. आणि स्वतःचं मांस झडायला लागल्यावर तुला माझ्या मेलेल्या बायकोचा डबा आठवला.

डबा पाठवतो आहे. भंडाऱ्याच्या दुकानातून मागवून घेतला. रश्मीला डबा लिहून देणाऱ्या नागपूरच्या कीर्ती मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, गालाच्या ऑपरेशननंतर, किरणांचा शेक घेऊन झाल्यावरही हा चालतो, फक्त तुझ्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. ते रुचिता करेल. सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. कोमट पाण्यात कालवायचा, घोट घोट घ्यायचा. थोडा मासोळीचा वास येतो. त्या वासाची तुला ओळख आहे.

फोन करू नकोस. तुझा गाल कापला, जबड्याचं हाड काढलं, आता तुझं बोलणं कोणाला समजत नाही असं रुचिता सांगत होती. तोंड धड होतं तेव्हा तू दुसऱ्याला बोलू देत नव्हतास. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

एक गंमत आठवली. लहानपणी तू फार उशिरापर्यंत बोबडा होतास. घरात तुझं बोलणं मला एकट्यालाच कळायचं. आई चुलीपासून मला विचारायची, "काय म्हणते गा तो?" आणि मी सांगायचो, भात मागते, पानी मागते.

आज विहारात तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. मागच्या वर्षी याच पौर्णिमेला रश्मी पांढरं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसली होती.

संघपाल


दिघोरी
२७ जुलै

चिरंजीव सुगत,

रोवणी संपली. तुझ्या वाट्याच्या बांधीतही मीच धानाचे पऱ्हे लावून घेतले. पडीक ठेवावी असं फार मनात होतं, पण जमिनीचा काय गुन्हा.

शेजारचा कमलेश जवाहरनगरच्या फॅक्टरीत ड्युटीला जातो, त्याच्या हाती हा दुसरा डबा देतो आहे. तो सांगत होता, तू पेला घेतोस पण तोंड वाकडं करतोस. रश्मीही करायची.

तिला नागपुरात काय सांगितलं होतं, हे तू कधी विचारलं नाहीस. आता ऐक.

पोटाचा आजार निघाला आणि तिची औषधं सुरू झाली, तेव्हा तिथल्या आहार सांगणाऱ्या कीर्ती मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर बांधायला लावले आणि म्हणाल्या, हात न टेकता उठून दाखवा. रश्मीला हसू आलं. आयुष्यभर रोवणी केलेली बाई, तिला खुर्चीवरून उठायला सांगतात. पण ती उठू शकली नाही. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. मग हसू गेलं.

मॅडम मला म्हणाल्या, "दादा, घरातलं सरपण संपलं आणि चूल विझू द्यायची नसली, तर माणूस काय जाळेल? घराचे वासे काढून जाळेल. हा आजार तेच करतो. यांचं मांस जळतं आहे. नुसत्या भात-वरणाने ते भरून निघत नाही."

मग त्यांनी डबा लिहून दिला. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. यानं आजार बरा होत नाही म्हणाल्या. पडझड थोडी हळू होते, औषधं झेपतात, माणूस आपल्या पायावर राहतो. रश्मीकडे वळून त्या म्हणाल्या, "गोळीसारखं वेळेवर घ्यायचं. औषधच समजा."

औषध. हा शब्द लक्षात ठेव.

ती वेळेवर घ्यायची. ज्येष्ठात एक दिवस मी बोडीच्या तळ्यावरून आलो तर ती दाराशी उभी, कमरेवर आईचा तो पितळी गुंड. विहिरीवरून पाणी घेऊन आली होती. गुंड अर्धाच भरला होता. मला रागावायचं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून मी नुसता बाजूला झालो.

आषाढीला तिने पूर्ण वर्षावासाचं अष्टशील घेतलं. तू विहाराची पायरी सोडून किती काळ झाला, म्हणून आठवण देतो. पाच शीलं रोजची, आणि वर तीन. त्यातलं एक, दुपार टळली की अन्न घ्यायचं नाही. मी म्हणालो, आजारी माणसाने कशाला? ती म्हणाली, जेवण तसंही दुपारनंतर जात नाही, मग पुण्य तरी का सोडू? आणि संध्याकाळचा पेला औषधाचा, तो तर चालतोच.

तिचा हिशेब बरोबर होता. श्रावणात तू येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

संघपाल


दिघोरी
१९ ऑगस्ट

चिरंजीव सुगत,

तू आलास तेव्हा पांढऱ्या शर्टावर कंपनीचा बिल्ला होता. मी वेळूच्या टोपल्याला पाती घालत ओसरीवर बसलो होतो. रश्मी सकाळचा पेला घेत होती. तू डबा उचललास, फिरवून पाहिलास आणि म्हणालास, "वहिनी, हे वाचलं का तुमी? याच्यात मासोळीचं तेल आहे. वर्षावासात मासोळी पिऊन राहिल्या तुमी."

तिने पेला तोंडापासून काढला. अर्धा राहिला होता.

मी म्हणालो, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आहे ते. तू हसलास. "दादा, तू सातवीत इंग्रजीत नापास झाला होता. डबा मले वाचू दे."

मी गप्प बसलो. तुला दोन बुकं जास्त शिकवायला मीच बाबांना सांगितलं होतं, हे त्या वेळी आठवलं.

मग तू पिशवीतून तुझा डबा काढलास. हिरवं झाकण, वर पानाचं चित्र. जे बोललास ते मी अजून तसंच्या तसं म्हणू शकतो. "हे औषध नाही, वहिनी. कंपनी लिहूनच देते, औषध नाही म्हणून. हे शुद्ध अन्न आहे. झाडपाल्याचं."

जाताना तू तिचा फोटो काढलास. ती पदर डोक्यावर घेऊ लागली तर म्हणालास, असाच राहू द्या, गालफडं दिसली पाह्यजे. हा झाला आधीचा. आता दिवाळीले नंतरचा काढतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखा पेला, पण आता तुझ्या पावडरचा, कालवून तिच्यापुढे ठेवला. तिने तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"सुगतभाऊ अन्न म्हणाले ना. मंग दुपार टळल्यावर कशी पिऊ?"

मी म्हणालो, घे गं, कोण पाहते. ती म्हणाली, "कोनी पाहून राहिलं म्हणून शील पाळते का मी?" 

रोज संध्याकाळी मी पेला कालवायचो आणि रोज ती सरकवायची. वाया जाऊ नये म्हणून तो मी प्यायचो. गोड होता.

भाद्रपद पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि सगळ्यांनी पंचांग प्रणाम केला. गुडघे, हात, कपाळ जमिनीला. सगळे उठले. रश्मी उठली नाही. बायांना वाटलं, मन लागलं. मारोतरावांची म्हातारी आई बाजूलाच होती. तिने रश्मीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, किती श्रद्धा बाईची. सगळे तिच्यासाठी शांत बसून राहिले. अगरबत्ती जळत होती. मी पुरुषांच्या बाजूला होतो, पण जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती जमिनीलाच सांगत होती.

"उठवा ना मले."

सुगत, तू पेला घेताना तोंड वाकडं करतोस. वाकडं तोंड कर, पण रिकामा पेला खाली ठेव.

संघपाल


दिघोरी
११ सप्टेंबर

चिरंजीव सुगत,

कमलेशने सांगितलं, आता तू क्वार्टरच्या पायऱ्या भिंत न धरता उतरतोस. बातमी ऐकून मला आनंद झाला. कोणत्या जातीचा आनंद, ते या पत्रात कळेल.

मागच्या वर्षी कार्तिकात रश्मीला शेवटचं नागपूरला नेलं तेव्हा ती खुर्चीवर बसूही शकत नव्हती. कीर्ती मॅडमनी विचारलं, डबा चालू आहे ना? मी पिशवीतून तुझा डबा काढून दिला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. मग रश्मीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दादा, हे तर वजन उतरवायचं आहे. लठ्ठ माणसं जेवणाच्या ऐवजी घेतात हे."

 मला तुझी समोरची खोली दिसली. भिंतीवर रुचिताचे दोन फोटो. एकावर लिहिलं आहे 'आधी', त्यात ती भरलेली आहे. दुसऱ्यावर 'नंतर', त्यात कंबर दिसते. तुझ्याकडे येणारी प्रत्येक बाई अंग उतरवायला यायची. तुला इंग्रजी वाचता येत होतं. डबा तू वाचला होतास. आणि तो डबा तू अशा बाईला दिलास जिच्या अंगावर उतरवायला काही उरलं नव्हतं.

मासोळीच्या वासाचा पेला नाही, दुपारनंतर तर काहीच नाही. रश्मी पंधरवड्यात गेली.

ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मॅडमनी तसं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही खोटं बोलून तुझा गुन्हा मोठा करणार नाही. तो आहे तेवढाच पुरेसा आहे. मी एवढंच म्हणतो, तिला जमिनीवरून उठता आलं असतं. शेवटचे दिवस तिने उचलून ठेवलेल्या गाठोड्यासारखे काढले नसते.

पण याहीसाठी कदाचित मी तुला पत्र लिहिलं नसतं. मूर्खपणा म्हणून सोडून दिलं असतं. माघात मारोतराव मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. आपल्या विहाराचे अध्यक्ष, त्यांच्या बहिणीला तोच आजार. मला म्हणाले, "संघपाल, ही आपली रश्मीच ना गा? हिले तं या पावडरनं गुण आला होता म्हणते."

मोबाईलवर दोन फोटो होते. एकात गालफडं, ओढलेला पदर. त्यावर 'आधी'. दुसऱ्यात रश्मी हिरव्या साडीत हसते आहे, गाल भरलेले. त्यावर 'नंतर'. खाली तुझा नंबर.

ती हिरवी साडी पवनीच्या लग्नातली. चार उन्हाळ्यांपूर्वीची. फोटोच्या कडेला एक खांदा अर्धा कापलेला आहे. तो माझा खांदा आहे.

तू माझ्या मेलेल्या बायकोला उलटं चालवलंस, सुगत. आजारी होती ती आधी केली आणि धडधाकट होती ती नंतर. आणि त्या हसऱ्या तोंडावर किती घरांत तुझा डबा गेला, ते तुलाच ठाऊक.

आता ऐक, डबे मी का पाठवतो ते. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी दिघोरीच्या विहारात तू यायचं. फाटकापासून आतपर्यंत चालत. लोकांपुढे उभं राहून सांगायचं: काय दिलंस, कोणाला दिलंस, माहीत होतं की नव्हतं. बसून नाही. चिठ्ठी पाठवून नाही. रुचिताच्या तोंडून नाही. बसून बोललेलं माणूस आजाऱ्याची बडबड म्हणून सोडून देतात. उभ्या माणसाचं ऐकतात. म्हणून तुझ्या मांडीवर मांस पाहिजे. ते मी घालतो आहे.

आला नाहीस तर डबा बंद करीन असं समजू नकोस. मी तितका हलका माणूस नाही. डबा येतच राहील, तू आहेस तोवर. प्रत्येक डब्यावर रश्मीचा तो गालफडांचा फोटो चिकटवलेला असेल. झाकण उघडताना हात तिच्या तोंडावरूनच जाईल.

वैराबद्दल भंतेजी काय सांगतात ते मला पाठ आहे. रोज म्हणतो. म्हणताना तूच डोळ्यांपुढे असतोस.

संघपाल


दिघोरी
२६ सप्टेंबर

सुगत,

चिरंजीव लिहिलेलं नाही, कारण तू चिरंजीव व्हायला तयार दिसत नाहीस.

रुचिताचा आज फोन आला. तिला रडताना नीट बोलता येत नव्हतं. म्हणाली, माझं मागचं पत्र वाचलं तेव्हापासून तू दुपारनंतर पेल्याला हात लावत नाहीस. सकाळी एक, दुपारच्या आत एक, बस. विचारलं तर पाटीवर एकच शब्द लिहितोस: विकाल, म्हणजे अन्नाची वेळ टळली. आणि वजन पुन्हा उतरायला लागलं आहे, पायऱ्या उतरताना पुन्हा भिंत धरतोस.

"दादा, हे तुमच्यासाठी करून राहिले का वहिनीसाठी, मले काही समजत नाही," ती म्हणाली. "पन मले नवरा पाह्यजे. तुमचं भांडन तुमी पाहा."

तिचं बरोबर आहे.

मला आधी वाटलं, पश्चात्ताप असेल. बांधीच्या धुऱ्यावर बसून विचार केला, धान निसवतो आहे, तिकडे पाहत बसलो. मग कळलं. तू शील पाळत नाहीस, तू पळतो आहेस. पौर्णिमेपर्यंत स्वतःला इतकं झिजवायचं की उभं राहता येऊ नये. मग लोक म्हणतील, बिचारा वहिनीसारखाच गेला, उपोसथाचं शील पाळत पाळत. तिचं मरणही तू वापरायला काढलंस, तिचा फोटो वापरलास तसं.

तसाच उठून विहारात गेलो. भंतेजी सावलीत बसले होते. मी विचारलं, आजारी माणसाने दुपारनंतर ताकदीच्या पावडरचा पेला घेतला तर शील मोडते का? नाव सांगितलं नाही.

भंतेजी म्हणाले, "आजाऱ्याले औषध कधीबी चालते, संघपाल. गूळ, मध, तूपबी चालवलं आहे तथागतानं, भिक्खूलेसुद्धा. हे तं साधी गोष्ट आहे."

मी म्हणालो, पण देणारा म्हणते, हे औषध नाही, अन्न आहे.

"देनाऱ्याच्या म्हणन्यानं का होते? जीव धराले घेतलं तं औषध, जिभेसाठी घेतलं तं अन्न." मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "रश्मीताईच्या वेळचं विचारून राहिला का तू? तिनं मले विचारलं असतं तं मी एका शब्दात सांगितलं असतं."

विहार आपल्या घरापासून हाकेवर आहे. एकटी ती चालत जाऊ शकत नव्हती. बाकी कोणी विचारायला गेलं नाही.

म्हणून आता लिहितो, नीट वाच. त्या डब्यात आहे ते औषध आहे. दुपार टळल्यावर चालतं. संध्याकाळी चालतं. शील मोडत नाही. भंतेजींना विचारून लिहितो आहे.

हे वाक्य मला तुझ्यासाठी लिहावं लागलं, याची शिक्षा तुला वेगळी आहे. ती भोगायलाही जिवंत राहा.

संध्याकाळी पेला घेतलास की रुचिताला मला फोन करायला सांग. रोज.

संघपाल


दिघोरी
९ ऑक्टोबर

चिरंजीव सुगत,

पौर्णिमा झाली. तुला जे दिसलं ते तुझ्या जागेवरून. माझ्या जागेवरून काय दिसलं ते लिहितो.

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. पहिल्या ओळीत बसायचं, मान वर करून तुझ्या तोंडाकडे पाहायचं, आणि तू बोलत असताना एकदाही पापणी लववायची नाही. त्यासाठी मी आषाढापासून डबे पाठवले. कमलेशच्या गाडीतून तू उतरलास. रुचिता दंडाला धरायला आली तर तू तिचा हात बाजूला केलास. फाटकापासून आतपर्यंत चालत आलास. पांढरा शर्ट अंगावर वाळत घातल्यासारखा होता, पण चाललास. मी मनात म्हणालो, माझे डबे चालत आले.

भंतेजींनी परवानगी दिली. तू उभा राहिलास आणि बोललास. पहिलं वाक्य मला स्पष्ट कळलं. पण सभेत चुळबूळ सुरू झाली. तुझा अर्धा गाल नाही, ओठ एका बाजूला ओढलेला, शब्द आतच भिजून बाहेर येतात. मागच्या बायांमधून कोणीतरी मला विचारलं, "काय म्हणते गा तो?"

आईचा आवाज नव्हता. शब्द तेच होते.

मी मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. तुझं बोलणं समजणारा त्या विहारात मी एकटा होतो. मी बोललो नसतो तर तू बोबड्यासारखा काहीतरी पुटपुटून सुटून गेला असतास. मी उठलो आणि तुझ्या शेजारी उभा राहिलो.

'तो म्हणते' असं लावून सांगायचं माझ्या मनात होतं. पण त्या जागेची सवय अशी की भंतेजी म्हणतात ते आपण तसंच्या तसं म्हणतो, 'मी' म्हणूनच म्हणतो. तू म्हणालास, आणि माझ्या तोंडून तसंच निघालं.

मी रश्मीचा डबा बदलला.

मी तिला अंग उतरवायची पावडर दिली.

मी तिला सांगितलं, हे अन्न आहे.

तिचे फोटो मी उलटे लावले. हे मी खड्या आवाजात म्हणालो.

मग तू थांबलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं, त्याने माझ्यावर काही परिणाम झाला नाही. मग तू ते वाक्य म्हणालास, ज्यासाठी मी तुला जिवंत ठेवलं.

"मले माहीत होतं."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. अगरबत्ती जळत होती. ते वाक्य माझ्या तोंडून निघायला वेळ लागला.  मारोतराव हळूच म्हणाले, सांग ना गा, काय म्हणते?

"मले माहीत होतं," मी म्हणालो.

मग तू प्रणामाला खाली वाकलास. गुडघे, हात, कपाळ. आणि उठला नाहीस. बायांनी हात जोडले; त्यांना वाटलं, मन लागलं. हे मी ठरवलेलं नव्हतं, पण झालं तेव्हा सोडलंही नाही. तुला तिथे राहू दिलं. ती जितका वेळ राहिली असेल असं मला वाटतं, तितका वेळ राहू दिलं. मग तू जमिनीलाच काहीतरी म्हणालास. कोणाला समजलं नाही. मला समजलं.

काखेत हात घालून तुला उठवलं. तुझी काख हाताला रश्मीच्या काखेसारखीच लागली. ते मला नको होतं.

नंतर खीर वाटायला मीच होतो. बाहेरगावची एक म्हातारी, उशिरा आलेली, तिने मागे उभं राहून ऐकलं असेल. द्रोण पुढे करत तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तूच ना गा तो? बायकोले काहून असं केलं बापा?"

मी तिच्या द्रोणात खीर वाढली. तिची समजूत दुरुस्त केली नाही. पुढच्या माणसाला वाढायला गेलो.

माझं मन शांत झालं असं तुला कोणी सांगितलं तर खरं मानू नकोस. एका विहारात सांगून हे संपत नाही. तुझ्या समोरच्या खोलीत बसून गेलेल्या आजाऱ्यांची घरं आहेत, मारोतरावांची बहीण आहे, भंडाऱ्यात किती असतील ते तू सांगशील. धान कापून चुरला की मी जवाहरनगरला येतो. दारोदार जायचं. तू बोलायचं, मी लोकांना सांगायचं. दुसऱ्या कोणाला तुझं बोलणं समजत नाही, आणि तिथेही मला ते 'मी' म्हणूनच सांगावं लागेल असं दिसतं. तसं तर तसं.

खूप चालावं लागेल. कमलेशच्या हाती डबे पाठवले आहेत. त्यांच्यावर फोटो नाही.

दुपारनंतरचा पेला चुकवू नकोस. ते औषध आहे.

संघपाल